दाढेनंतर बदललेला आवाज

मी फैजपूरचा, ईश्वर धुळे तालुक्यातला. मी नायक, तो लान्स नायक. एकाच बंकरमध्ये आम्ही दोन हिवाळे काढले. माझा स्वभाव संशयी. फौजेत त्याचं कौतुक होतं, घरी बोलणी बसतात.

ईश्वरचा कधी ओठ सुजे, कधी हात. खाज नाही, पुरळ नाही. सूज आपोआप उतरे. हवालदारसाहेबांना वाटे, ड्यूटी चुकवतोय. माझा संशय आमच्या फौजी लंगरच्या डाळीवर. मी मुद्दाम त्याच्या ताटातली डाळ खाल्ली. मला काहीच झालं नाही.

"भाऊ, मना बापलेबी आसंच व्हये," ईश्वर हसून म्हणाला.

मग त्याची दाढ काढली. दुसऱ्या सकाळी तो पुढच्या ओपीवर, टेहळणी चौकीवर, होता. धुकं दाट. वायरलेस सेटवर त्याचा रिपोर्ट आला.

"ऑल ओके. ओव्हर."

आवाज घोगरा, परका. सेट दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे, असं मला वाटलं.

"मुलीचं नाव सांग. ओव्हर."

"रेखा," उत्तर कसंबसं आलं.

आम्ही चौघे धावत वर गेलो. ईश्वर गळा धरून बसला होता. नर्सिंग असिस्टंटने ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, मग दुसरं. सूज हटेना. धुक्यात हेलिकॉप्टर उतरू शकलं नाही. ईश्वर माझ्या मांडीवर गेला. मी सगळ्यांदेखत रडलो.

रिटायर झाल्यावर एकदा धुळ्याकडे त्याच्या घरी गेलो. रेखा माहेरी आली होती. तिचा हात सुजलेला. ईश्वरच्या आईला, अक्कांना, सासरच्या जेवणाचा संशय. दुसऱ्या दिवशी रेखा दाढ काढायला जाणार होती. आजोबा, बाप, आता मुलगी.

"दाढेला हात लावू द्यायचा नाही," मी म्हणालो आणि तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं.

"ही ॲलर्जी नाही," ते म्हणाले. "सूज आवरणारं एक प्रथिन हिच्या रक्तात कमी आहे. वडिलांकडून आलंय. ॲलर्जीची इंजेक्शनं यावर चालत नाहीत. दाढ काढण्याआधी वेगळं औषध द्यावं लागेल, खास इंजेक्शन हाताशी ठेवावं लागेल. पुढेही आवाज बसला किंवा गळा आवळला, तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं."

दाढ हॉस्पिटलातच काढली. प्रत्येक सुईत काय आहे, हे मी विचारत होतो. नर्स वैतागली. वैतागू दे. रेखा सुखरूप घरी आली.

ईश्वरला गोळी लागली नव्हती, म्हणून गावात त्याचं स्मारक नाही. अक्कांनी नातीच्या गालावरून हात फिरवला, मग माझ्याकडे पाहिलं.

"दाढच व्हती ना, भाऊ? मना ईश्वर तेवढामाज गया."