बोटांनी आवळलेले बोल्ट

आमच्या ह्यांना घरातलं काहीही दुरुस्त करता येतं. जवळजवळ. हे 'जवळजवळ' मला लग्नानंतर कळलं. ह्यांनी बदललेला नळ सोडताना दुसऱ्या हाताने धरून ठेवावा लागतो. ह्यांनी बसवलेली कपाटाची कडी दोन दिवसांत आपल्या हातात येते. शेवटचा पिळा द्यायचं नेमकं ह्यांच्या जिवावर येतं, कारण तोवर मन कौतुक ऐकायला पुढे निघून गेलेलं असतं.

लेकीच्या चिखलामातीत पळवायच्या छोट्या डर्ट बाइकचं मागचं स्प्रॉकेट झिजलं. चेन बसते त्या चकतीचे दात पार काट्यासारखे झाले होते आणि रविवारी तिची पहिली शर्यत. त्या एका दिवसासाठी पोरगी वर्षभर चिखलात लोळली होती. नवीन स्प्रॉकेट देताना दुकानदार म्हणाला, "बोल्टच्या आट्यांना हा गोंद लावा, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि शेवटी सगळ्यांवर जोर लावून पाना मारा. सुटलं तर चेन चाकात अडकेल आणि पोर हँडलवरून फेकली जाईल." ह्यांनी "हो, हो" केलं आणि बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "मला शिकवतोय."

शनिवारी दारात सगळा पसारा मांडला. चाक काढलं, जुनी चकती उतरवली, खालची जागा पुसून लख्ख केली. खोटं कशाला बोलू, तेवढं काम झकास केलं. नवीन चकती ठेवून सगळे बोल्ट बोटांनी फिरवले आणि तेवढ्यात थोरल्या दिरांचा फोन आला. "मेकॅनिक कशाला? मीच बसवतोय की," हे फोनवर म्हणाले. मग फोटो काढायला मला बोलावलं. फोटोत पाना ह्यांच्या हातात आहे, फक्त तो बोल्टला कधी लागलाच नाही. मग चहा झाला. चहानंतर चाक बाइकला चढवलं, चेन ताणली आणि हात धुतले.

"आवळलंत ना सगळं?" मी विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणाले. म्हणजे विषय संपला.

रविवारी मैदानावर पोचल्या पोचल्या ह्यांनी इतर पोरांच्या बापांना गाठलं आणि स्प्रॉकेट बसवण्यावर व्याख्यान सुरू केलं. लेक बाइकमागे उकिडवी बसली होती. ती उठून माझ्याकडे आली. "आई, पोटात दुखतंय. मी नाही उतरत आज."

ह्यांच्या कानावर गेलं, तसे हसले आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घाबरली हो. बाप गाडी देईल, छाती कुठून आणून देणार?" सगळे हसले. लेकीने मान खाली घातली.

माझ्या डोक्यात सणक गेली. घाबरणाऱ्यातली नाही माझी पोर. ती बसली होती तिथे जाऊन मी बसले आणि बोल्टला हात लावला. दोन बोटांत फिरला. शेजारचाही फिरला. म्हणजे हिला कळलं होतं, आणि लोकांत बापाची शोभा होऊ नये म्हणून हिने शर्यत सोडली होती. आणि हा शहाणा तिचीच चेष्टा करत होता.

मी ह्यांना दंडाला धरून आणलं आणि त्याच लोकांसमोर त्यांची बोटं बोल्टवर ठेवली. "फिरवा."

बोल्ट फिरला. हसणारे इकडेतिकडे बघायला लागले.

शर्यतीची पहिली हाक झाली होती. ह्यांनी पिशवीतून पाना आणि गोंद काढला, गुडघे टेकले, एकेक बोल्ट काढून गोंद लावला आणि पाना तसूभर सरकेना इतके ते आवळले. मग घाम पुसून म्हणाले, "चल बेटा, झालं."

लेक हेल्मेट घेऊन तशीच उभी. त्यांच्याकडे तिने बघितलंच नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "तू एकदा बघ ना."

ह्यांनी पाना माझ्या हातात दिला.