पोचेपर्यंतचा केर

गल्लीतलं कुणी परगावी निघालं की पिशोरवाल्या काकू आपल्या घरातला केर काढणं थांबवत. माणूस मुक्कामी पोचेपर्यंत झाडू दाराआड. तशी ही रीत घरोघर असते, पण ज्याचं माणूस निघालं त्याच्या घरी, आणि तीही तासाभरापुरती. काकूंनी मुकुंदवाडीची आमची अख्खी गल्लीच आपली मानली होती. "झाडलं की मागची वाट पुसली जाती," म्हणायच्या. मी चेष्टा करायचे, "काकू, तुमच्या घरात आता ज्वारी पेरता येईल."

चेष्टा करायचे, पण मनातून टरकायचे. कारण माणूस पोचल्याचं काकूंना कुणी सांगावं लागत नसे. बोलता बोलता त्या उठायच्या, "पोचलं बाई," म्हणत झाडू घ्यायच्या आणि मग त्या माणसाचा फोन यायचा.

माझा धाकटा भाऊ विजू आई गेल्यावर काकूंच्याच ताटात जेवून वाढला. त्याला टोरांटोत नोकरी लागली तेव्हा काकूंनी विचारलं, "किती लांब हाय?"

मी मोबाइलवर पाहून सांगितलं, "मुंबईच्या विमानतळापासून बारा हजार किलोमीटरच्या वर. इथून निघालं की सगळा दिवस जातो."

"आन् पायी?"

"काकू, मधे समुद्र आहे!"

"आसू दे की. वाट आसंलच."

विजू गेला. दुसऱ्या दिवशी 'पोचलो' असा त्याचा मेसेज आला. मी धावत सांगायला गेले. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विमान पोचलं. लेकरू नाय पोचलं अजून. मागं हाय." मला असा राग आला! पण फोनवर विजू खरंच परका वाटायचा. विचारलं तेवढंच बोलायचा, कधी हसायचा नाही. त्याचा आवाज घेऊन दुसरंच कुणी बोलतंय असं वाटून मी फोन लवकर ठेवायचे. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी काकूंच्या घरातून झाडूचा आवाज आला, आणि माझा फोन वाजला. विजू हमसून रडत होता. "ताई, घरची लई आठवण येते गं." त्या दिवशी मी काकूंच्या पाया पडले.

पुढे काकूंना एकच ध्यास लागला, विजूला डोळ्यांनी बघायचं. त्याला सुट्टी मिळेना, काकूंना विमानाची धास्ती. "येईन म्या त्याच्याकडं," म्हणायच्या, "माझ्या चालीनं."

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस काकू झोपेतच गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, किल्ली माझ्याकडे आली. मी घराला कुलूप घातलं तेव्हा झाडू दाराआडच होता. केर काढायला माझा हात धजला नाही. कोण पोचलं ते सांगणारं माणूसच गेलं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला विजूचा फोन आला. आवाज दबका. "ताई, इथं खूप बर्फ पडलाय. सगळा रस्ता पांढरा. माझ्या एकट्याच्या दारातलं कुणीतरी झाडून ठेवलंय. फावड्यानं नाही गं, झाडूनं. फराटे दिसतायत."

"आणि पावलं?" मी का विचारलं कोण जाणे.

"रस्त्यावर आहेत. अनवाणी. नुसती येणारी."

फोन तसाच कानाला धरून मी काकूंचं कुलूप काढलं. जमिनीवर धुळीचा थर होता. दाराआड झाडू नव्हता.

"पोचल्या रे," मी विजूला म्हटलं, आणि घरी जाऊन माझा झाडू घेऊन आले.