पुंजाजीचा अंगठा

मंगरूळपीरच्या त्या शाळेत नववीला गेलं की पोरांपुढे तीन वाटा असत. विज्ञान, शेतकी आणि गृहशास्त्र. विज्ञानाला उच्च गणित आणि प्रयोगशाळा, शेतकीला शाळेमागचं दीड एकर वावर, आणि गृहशास्त्राला एक शिवणयंत्र, दोन स्टोव्ह अन् लिलाबाई. मुलगी म्हटली की लिलाबाईंच्या खोलीत, असा शिरस्ताच पडून गेला होता. नियम मात्र तसा कुठं लिहिलेला नव्हता. पालकानं गट सांगायचा, अर्जावर सही नाहीतर अंगठा करायचा, एवढाच नियम.

पुंजाजी त्या प्रयोगशाळेचा शिपाई. अक्षर ओळखीचं नाही आणि सांभाळायच्या काय, तर शंभरावर बाटल्या! पण गड्याचं कधी अडलं नाही. बाटली तो वासावरून ओळखी, रंगावरून ओळखी, आणि सगळ्यात जास्त जागेवरून ओळखी. वरच्या फळीवर डावीकडून तिसरी, खालच्या फळीवर कोपऱ्यातली. विज्ञानाचे किसनसिंग सर वर्गातून नुसतं नाव घेत, की बाटली हजर. पोरं त्याला थट्टेनं ‘प्रोफेसर’ म्हणत, आणि खोटं कशाला सांगा, त्याला ते आवडायचं.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत खोलीला रंग दिला. रंगाऱ्यांनी बाटल्या उतरवल्या आणि परत लावताना सगळी उलटापालट करून टाकली. पुंजाजीच्या हाताला रंग लागला होता. तो काढायला नेहमीच्या जागेवरची बाटली स्पिरिटची समजून त्यानं उचलली. त्या दिवशी रंगाच्या वासात नाकानंही दगा दिला. डाव्या हातावर ओतली ती तेजाबाची निघाली. महिनाभर तो दवाखान्यात पडून होता. हात वाचला, पण अंगठा पार गुळगुळीत झाला, एक रेष त्याच्यावर राहिली नाही.

पुढच्याच वर्षी, १९७० च्या जूनमध्ये, त्याची वच्छला नववीत गेली. आठवीला वर्गात पहिली आलेली पोर. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून अभ्यास करायची आणि आई भागिरथाला म्हणायची, “मी डॉक्टर होतो.” किसनसिंग सरांनी स्वतः पुंजाजीला ऑफिसात बोलावलं.

“पुंजाजी, पोरगी हुशार आहे. विज्ञान लिहू ना?”

“नोको सर.”

“काहून?”

पुंजाजीनं डावा हात पुढं केला. “ह्या खोलीत मी माही लेक नाही धाडत. तिले शिवणकाम लिवा.”

सरांनी परोपरीनं सांगितलं, रागावून पाहिलं. पुंजाजी ऐकेना. शेवटी सरांनी अर्ज भरला आणि पुंजाजीनं त्याच्यावर अंगठा उठवला. कागदावर नुसता निळा डाग पडला.

संध्याकाळी वच्छलानं विचारलं, तेव्हा लेकीचा चेहरा पाहून पुंजाजीची जीभ वळेना. तो म्हणाला, “सरायनं घेतलं नाही तुले.” एवढं एक वाक्य. उद्या-परवा खरं सांगू, असं त्याच्या मनात होतं. पण उद्याचे महिने झाले आणि महिन्यांची वर्षं झाली. वच्छलानं मनाशी पक्की गाठ बांधली, की आपल्या वस्तीतली पोर म्हणून सरांनी आपल्याला बाहेर ठेवलं. ती सरांना नमस्कार करीना. सरांना कारण कळायला वेळ लागला नसावा. पण तो भला माणूस बोलला नाही. आणि पुंजाजी रोज त्याच माणसाच्या टेबलावरची धूळ पुसत होता.

१९७३ ला वच्छला मॅट्रिकला शाळेतल्या मुलींत पहिली आली. बापलेक एसटीनं अकोल्याला गेले. कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनानं गुणपत्रिका पाहिली आणि परत सरकवली. उच्च गणित नाही, रसायन नाही, विज्ञान शाखा मिळणार नाही. परतीच्या वाटेवर वच्छला रडली नाही. मेडशीला गाडी थांबली तेव्हा एवढंच म्हणाली, “मी त्या सराले सोडत नाही, बाबा.”

दुसऱ्या दिवशी ती तक्रारीचा कागद घेऊन मुख्याध्यापक माणिकरावांपुढं उभी राहिली. “मले हक्क असून विज्ञान दिलं नाही. माहा नववीचा अर्ज काढा.” माणिकरावांनी किसनसिंग सरांना बोलावून घेतलं आणि पुंजाजीला हुकूम केला, “सत्तरची फाइल आण.”

पुंजाजी दारातच उभा राहिला. सरांनी त्याच्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, “त्या कपाटाले वाळवी लागली होती ना, पुंजाजी? राह्यली नसेल फाइल.”

ज्याच्या नावाला तीन वर्षं काळं फासलं, तोच माणूस त्याला पळवाट काढून देत होता.  पुंजाजी मागच्या खोलीत गेला. फाइल आपल्या जागी होती, धड होती. तिथं चूलही होती, चहाची. तिच्याकडं त्यानं पाहिलं नाही असं नाही. पण शेवटी फाइल आणून त्यानं टेबलावर ठेवली.

वच्छलानं स्वतःच पानं उलटली. अर्ज सापडला. ‘पालकाची इच्छा: गृहशास्त्र.’ खाली बिनरेषांचा निळा डाग. तो कुणाचा, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती; त्याच हातानं तिला लहानपणी घास भरवला होता.

“बाबा?”

“माहाच हाय.” पुंजाजीनं हात पाठीमागं नेला. “तुहा हात जळू नाही म्हणून केलं व माय.”

वच्छलानं त्या डागावर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, “मले तं बाटलीवरचं नाव वाचता येत होतं, बाबा.”

तीन वर्षांत एवढी साधी गोष्ट पुंजाजीला एकदाही सुचली नव्हती. वच्छलानं किसनसिंग सरांना हात जोडले, तक्रारीचा कागद घडी करून घेतला आणि ती घरी निघून गेली.

तासाची वेळ झाली होती. सर वर्गावर गेले. थोड्या वेळानं त्यांनी आतून नेहमीसारखं बाटलीचं नाव घेतलं. पुंजाजी फळीपुढं उभा राहिला. सगळ्या बाटल्या आपापल्या जागी होत्या, आणि त्याला त्यातली एकही ओळखू येईना.