राजा गेला, चिमी बसली

हिरामावशी ऑफिसात आल्या त्या थेट माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. अंधेरीच्या कोळीवाड्यातले त्यांच्या हातचं खाणारे दोन भटके कुत्रे, राजा आणि चिमी, मी नसबंदीनंतर आदल्या दिवशी सोडायला पाठवले होते. ते पोचले आरे कॉलनीच्या जंगलात.

भटक्या कुत्र्यांचा नियम सोपा आहे. जिथून उचलला, तिथेच सोडायचा. पिंजरे धुताना कुत्रे इकडचे तिकडे झाले. मी गळ्यातला टॅग बघायचा आळस केला आणि पिंजऱ्याचा नंबर बघून रिलीज शीटवर सही ठोकली. जनावरांचा डॉक्टर म्हणून इतकी वर्षं काढली, आणि ही अक्कल! आरेत बिबट्या आहे. कुत्रं त्याला फार आवडतं.

ही जोडी मावशींच्या वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करायची. पण बोंबलांबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. "चिमी लय भित्री हाय रे," एवढंच म्हणाल्या.

साहेबांनी गाडी दिली, वर चार शब्द सुनावले. त्यांचं बरोबरच होतं. आरेत पोचल्यावर मावशींना मी गाडीतच बसायला सांगितलं.

माझा तर्क असा, की राजा धीट, तो सोडल्या जागीच रुबाबात बसला असेल. चिमी घाबरून सुसाट सुटली असेल. राजा तिथे नव्हताच. तो सापडला चांगला दोन-तीन किलोमीटरवर, एका चहाच्या टपरीशी, तीन नव्या दोस्तांबरोबर खारी खात. चिमीसाठी आम्ही अजून लांब लांब शोधत गेलो. दुपार कलली. ड्रायव्हर सावंत हळूच म्हणाला, "वाट लागली, डॉक्टर."

तेव्हा कुठे मी मावशींना विचारलं.

"लांब काय बघतोस? घाबरली की ती हलत नाय. सोडली तिथंच बघ."

तबेल्यातल्या गव्हाणीखाली, सोडल्या जागेपासून वीस पावलांवर, चिमी अंग चोरून बसली होती. मावशी शेणात आडव्या झाल्या, हाक मारली. ती सरपटत बाहेर आली. माझे डोळे भरून आले, त्यात लाज कसली!

जनावरं कुठवर पांगतात हे भुकेवर, भीतीवर ठरतं, तसंच स्वभावावरही. धीट कुत्रा नव्या वासामागे निघतो, भित्रा आडोसा धरतो. व्यक्ती तितक्या प्रकृती, हे कुत्र्यांनाही लागू आहे.

आता आमच्या फॉर्मवर रंग आणि खुणांखाली 'स्वभाव' असा रकाना आहे. तो मी भरत नाही, रोज खाऊ घालणारं माणूस भरतं.

पुढच्याच महिन्यात राजा पुन्हा गायब झाला, या वेळी आपल्या मर्जीने. शोधू का, म्हणून मी फोन केला. मावशी निवांत होत्या.

"राहू दे. त्याला जायचंच होतं. चिमी हाय ना इथं."