मेकनचे सहा दिवस आणि मिस्टर वॉल्टर यांचा फोटो

ऋचाचा फोन आला तेव्हा मी ॲन आर्बरच्या आमच्या घरासमोरचा बर्फ फावड्याने बाजूला करत होतो. मार्च संपत आला होता, पण मिशिगनला त्याचा पत्ता नव्हता.

"बाबा, पेपरने फोटोग्राफरची पोझिशन कॅन्सल केली. पुढच्या शुक्रवारी माझा लास्ट डे."

आमची मुलगी गेली सहा वर्षं जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरात राहते आणि तिथल्या स्थानिक वर्तमानपत्रासाठी फोटो काढते. मोठ्या बातम्या क्वचित. बहुतेक वेळ शाळेचे सामने, नवीन फुटपाथ, चर्चमधली जेवणं. या सहा वर्षांत मी तिच्याकडे एकदाच गेलो होतो, तेही तिचं सामान पोचवायला. "तू जा आणि तिला घेऊन ये," माझी बायको सुनीता म्हणाली. तिच्या लॅबचं ऑडिट होतं, तिला रजा मिळणार नव्हती. मी मिनीव्हॅनच्या मागच्या सीट्स काढून गॅरेजमध्ये ठेवल्या आणि सोमवारी सकाळी निघालो.

रस्ता सोपा आहे. टोलीडोपर्यंत तेवीस नंबर आणि तिथून थेट मेकनपर्यंत आय-पंचाहत्तर. एकूण आठशे मैल. साठीच्या माणसाने हे एका दिवसात करू नये. मी केंटकीत लेक्सिंग्टनच्या पुढे मुक्काम केला. हायवेलगतच्या मोटेलमध्ये नव्वद डॉलरला खोली मिळाली, ब्रेकफास्ट धरून. दुसऱ्या दिवशी केंटकी ओलांडून टेनेसीत शिरताना डोंगराचा मोठा उतार लागतो, तिथे ट्रकांपासून अंतर ठेवा. आणि अटलांटा दुपारी दोनच्या आत पार करा. मला अडीच वाजले आणि दीड तास तिथेच गेला.

अटलांटा मागे पडल्यावर माती लाल झाली. एका एक्झिटला पेट्रोल भरायला उतरलो तर शेजारी टपरीवर मोठ्या पातेल्यात शेंगा उकडत होत्या. मिठाच्या पाण्यात, सालासकट. कागदाच्या पिशवीत गरम शेंगा घेऊन मी गाडीला टेकून उभ्या उभ्या खाल्ल्या. सगळ्या गाड्यांवर पाइनच्या परागांची पिवळी पूड बसली होती. माझ्या गाडीवरही ती दहा मिनिटांत बसली.

ऋचा एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर राहते. रस्ताभर चेरीची झाडं फुललेली. तिने मिठी मारली, चहा दिला आणि म्हणाली, "सॉरी बाबा, मला सात वाजता असाइनमेंट आहे. येतोस? ट्रायपॉड धरशील?"

शाळेच्या मैदानावर मुलींचा सॉफ्टबॉलचा सामना होता. ऋचाने पहिला अर्धा तास कॅमेरा उचललाच नाही. बाकावर बसलेल्या आजींशी बोलली, पाणी भरणाऱ्या बाईंशी बोलली. मग फोटो काढले, आणि ज्यांचे काढले त्या प्रत्येकाकडे जाऊन नाव विचारून वहीत लिहिलं. एका मुलीला तिने नावाची अक्षरं तीनदा विचारली.

"इतकं काय त्यात?" मी विचारलं.

"तो फोटो तिची आई फ्रिजवर लावणार, बाबा. स्पेलिंग चुकलं तर तो तिचा राहत नाही."

बुधवारी सकाळी मी तिच्या ऑफिसमध्ये बसलो होतो. विटांच्या एका इमारतीतल्या दोन खोल्या, सहा टेबलं, त्यातली चार रिकामी. दहाच्या सुमाराला एक वयस्क कृष्णवर्णीय बाई आल्या. जांभळा कोट, हातात पर्स घट्ट धरलेली. ऋचाला पाहून म्हणाल्या, "बेबी, तू मला ओळखणार नाहीस. माझे मिस्टर वॉल्टर. शाळेपाशी मुलांना रस्ता ओलांडून द्यायचे. तू एकदा त्यांचा फोटो काढला होतास, पावसात."

"पिवळा रेनकोट," ऋचा लगेच म्हणाली.

"तोच. ते रविवारी गेले."

त्यांचं नाव लोरेन. सगळे त्यांना मिस लोरेन म्हणत. इथे मोठ्या माणसांना असंच, नावाआधी मिस किंवा मिस्टर लावून हाक मारतात आणि धाकट्यांना मायेने बेबी म्हणतात. मलाही तासाभरात सगळे मिस्टर श्रीकांत म्हणू लागले होते. मिस लोरेन खुर्चीत बसल्या आणि सांगू लागल्या. वॉल्टरना फोटोची मनापासून नावड. घरात कोणी कॅमेरा काढला की चेहऱ्यावर हात धरायचे. लग्नातला एक फोटो आहे आणि लायसन्सवरचा एक आहे. "मधली बेचाळीस वर्षं माझ्याकडे नाहीत," त्या म्हणाल्या. पेपरमधलं कात्रण त्यांनी जपून ठेवलं होतं, पण वरचं छत गळलं तेव्हा ते भिजून गेलं. दफन शनिवारी होतं. वर्ष त्यांना आठवत नव्हतं. पाऊस होता, एवढंच आठवत होतं.

ऋचाने पेपरच्या मुख्य कंपनीला फोन लावला. जुने फोटो आता दुसऱ्या राज्यातल्या ऑफिसकडे होते. फॉर्म भरायचा, दोन-तीन आठवडे लागतील, असं उत्तर आलं. तिने फोन ठेवला.

"माझ्या हार्ड ड्राइव्ह्जवर असेल," ती मला मराठीत म्हणाली. "पण त्या मला शुक्रवारी परत द्यायच्यात. सगळ्या. आणि सही करायचीय की माझ्याकडे काही ठेवलं नाही."

"मग तो फोटो कंपनीचा झाला. त्यांना न विचारता कसा देणार?" मी म्हणालो. मी पस्तीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम केलंय. तिथे परवानगीशिवाय साधा स्क्रूही बदलायचा नसतो.

ऋचा आवाज न चढवता म्हणाली, "विचारलं ना आत्ता. तुझ्यासमोर. त्यांचं आन्सर येईपर्यंत मिस्टर वॉल्टर मातीखाली असतील." मग मिस लोरेनकडे वळून तिने इंग्रजीत सांगितलं, "उद्या संध्याकाळपर्यंत मी तुमच्या घरी घेऊन येते."

त्या दुपारी आणि गुरुवारी सकाळी आम्ही तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन लॅपटॉप मांडून बसलो. एका ड्राइव्हवर ती, दुसरीवर मी. फोटो तारखेप्रमाणे लावलेले होते आणि आम्हाला तारीख ठाऊक नव्हती. म्हणजे सगळेच बघणं आलं.

तर मी सहा वर्षं बघितली. न्हाव्याच्या खुर्चीत पहिल्यांदा बसलेला आणि रडणारा मुलगा. वादळात पडलेल्या झाडावर बसून सँडविच खाणारे वीज कंपनीचे लोक. बेघरांच्या निवाऱ्यात दाढी करून आरशात बघणारा एक माणूस. शहराच्या सभेत रागाने उभी राहिलेली बाई. सैन्यातून घरी आलेली मुलगी आणि तिच्या अंगावर उड्या मारणारा कुत्रा. कोविडच्या दिवसांत नर्सिंग होमच्या खिडकीला बाहेरून हात लावून उभा असलेला म्हातारा, आणि आतून काचेला लागलेला दुसरा हात.

या फोटोशी मी थांबलो. "हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तेव्हा मी रोज फोन करायचे, बाबा. तू विचारायचास, मास्क लावतेस ना? पुढचं विचारायचा नाहीस."

मी पुढचा फोटो उघडला.

मिस्टर वॉल्टर गुरुवारी अकराच्या सुमाराला माझ्या ड्राइव्हवर सापडले. एक नव्हे, एकतीस फोटो. छापलेल्या फोटोत ते हात वर करून गाड्या थांबवत होते, चेहरा गंभीर. पण त्यापुढचे पेपरने कधी छापलेच नव्हते. एकात ते वाकून एका मुलीच्या रेनकोटचं बटण लावत होते. आणि शेवटच्यात पाऊस थांबलेला, टोपी काढलेली, कोणीतरी काही बोललं असावं म्हणून तोंड उघडून मोकळे हसत होते. चेहऱ्यावर हात नव्हता.

ऋचा माझ्या खांद्यामागे उभी राहून बघत होती. "मी नाव विचारायला गेले तेव्हाचा आहे," ती म्हणाली. "मला म्हणाले होते, कॅमेरा बाजूला ठेवलास का? आणि मी ठेवला नव्हता."

प्रिंट करायच्या दुकानात मीच गाडी नेली. परवानगीबद्दल मी पुन्हा काही बोललो नाही. माझं मत बदललं होतं असंही नाही, पण तो हसणारा चेहरा बघितल्यावर थांबणं मला जमलं नसतं. संध्याकाळी मिस लोरेनच्या दारात ऋचाने पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एकतीसही फोटो उभ्यानेच पाहिले. हसऱ्या फोटोपाशी आल्यावर त्यांनी त्यावर तळहात ठेवला. मग आम्हाला आत बोलावून पीचचा गरम गोड पदार्थ वाढला. तुम्ही या भागात आलात आणि कोणी हे पीच कॉब्लर विचारलं तर नाही म्हणू नका. मात्र शाकाहारी असाल तर पालेभाजीबद्दल आधी विचारा, ती बहुतेक ठिकाणी डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. मी आठवडाभर तळलेली भेंडी आणि ग्रिट्सवर काढला. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्यांचा मऊ सांजा, पण बिनसाखरेचा.

शुक्रवारी ऋचाने ड्राइव्ह्ज खोक्यात भरल्या, सही केली आणि खोकं संपादकांच्या टेबलावर ठेवलं. तिच्याकडे खरंच एकही फोटो उरला नव्हता. संपादक जुने गृहस्थ, त्यांचीही नोकरी उन्हाळ्यापर्यंतच होती. त्यांनी खोक्यावर हात ठेवला आणि ते खाली बसले. ऋचा गाडीत येऊन रडली. मी गाडी सुरू न करता शेजारी बसून राहिलो.

शनिवारी चर्च भरलं होतं. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका लोकांना जागा दाखवत होत्या. शवपेटीशेजारी हसरे मिस्टर वॉल्टर मोठ्या चौकटीत होते, आणि प्रत्येकाच्या हातातल्या पुस्तिकेवरही तेच. एक तिशीतला माणूस उठून म्हणाला, "मी पहिलीत होतो तेव्हा रोज घाबरायचो. ते माझं दप्तर धरायचे." तेवढंच बोलून तो बसला. त्याच्यामागून बरेच जण उठले.

ऋचाने कॅमेरा गाडीतच ठेवला होता. प्रार्थना संपल्यावर मिस लोरेन तिच्यापाशी आल्या. "तू आज फोटो काढत नाहीयेस?"

"आता छापायला पेपर नाही, मिस लोरेन."

"मी पेपरबद्दल विचारलं नाही, बेबी."

ऋचा कॅमेरा घेऊन आली.

अंत्ययात्रा गाड्यांची होती, दिवे लावून सावकाश निघालेली. दक्षिणेतली एक रीत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. समोरून येणाऱ्या सगळ्या गाड्या कडेला थांबतात. ज्यांची मयताशी ओळख नाही तेही थांबतात. एका ट्रकवाल्याने टोपी काढून छातीशी धरली होती. ऋचाने मला शाळेच्या चौकात आधीच गाडी लावायला सांगितलं. शनिवार, शाळा बंद, रस्ता रिकामा. पण वॉल्टर यांच्या जागी आलेली बाई पिवळ्या जॅकेटमध्ये हातात थांबण्याची पाटी घेऊन तिथे हजर होती. शववाहिनी दिसताच ती चौकाच्या मध्यभागी गेली, पाटी वर धरली आणि तिन्ही बाजूंचा रस्ता अडवला. शेवटची गाडी जाईपर्यंत तिने हात खाली घेतला नाही. ऋचा फुटपाथवर गुडघा टेकून फोटो काढत होती. नंतर ती त्या बाईजवळ गेली आणि वही उघडून नाव विचारलं.

रविवारी सकाळी आम्ही ओकमल्गी नदीकाठच्या टेकाडांवर गेलो. हजार वर्षांपूर्वी लोकांनी टोपल्यांनी माती वाहून ही टेकाडं उभारली. त्यांच्या वंशजांना, मस्कोगी लोकांना, पुढे इथून हाकलून दिलं गेलं. प्रवेशाला तिकीट नाही. मोठ्या टेकाडाला लाकडी पायऱ्या आहेत. सकाळी लवकर जा, सावली अजिबात नाही. वरून सगळं मेकन दिसतं.

"तू मला न्यायला आलायस," ऋचा म्हणाली. "मागच्या सीट्स काढल्यात. मी पाहिलं."

"हो."

"मी येत नाहीये, बाबा. शाळेत दोन क्लासेस शिकवायला मिळतायत. उरलेल्या वेळात फोटो काढणार. इथेच."

"कोणासाठी? पेपरच नाही."

"आय डोन्ट नो यट. पण गुरुवारी आपल्याला एकतीस फोटो मिळाले. पुढच्या वर्षी कोणाला हवा असेल तर कोणाकडे जाईल?"

मी तिला इन्शुरन्सचं विचारलं, भाड्याचं विचारलं. तिने सगळ्याची उत्तरं दिली. काही पटली, काही नाही. ती चुकतेय असं मला अजूनही अधूनमधून वाटतं. पण तिथे वाऱ्यात उभं राहून तिला चल म्हणायचं धाडस मला झालं नाही. "बरं," मी म्हणालो. तिने माझा हात धरला आणि आम्ही पायऱ्या उतरलो.

परतीचा रस्ता तोच. सोमवारी दुपारी घरी पोचलो. सुनीताला फोनवर सगळं सांगितलेलं होतं, त्यामुळे तिने मला काही विचारलं नाही. जेवणं झाल्यावर ती शेजारी येऊन बसली. "तिचे फोटो दाखव ना. बारीक झालीय का?"

मी फोन काढला. चेरीची झाडं होती. शेंगांचं पातेलं, टेकाडाच्या पायऱ्या, कॉब्लरची ताटली. मी मागे गेलो, पुढे गेलो. सहा दिवस मी माझ्या मुलीबरोबर होतो आणि तिचा एकही फोटो काढला नव्हता. तिच्या त्या हजारो फोटोंतही ती स्वतः कुठे नव्हती.

मग मीच सांगू लागलो. केस कानापर्यंत कापलेत. बारीक नाही, पण डावा गुडघा जपून टेकते. नाव लिहून घेताना पेनचं टोपण दातात धरते. लोक तिला बेबी म्हणतात आणि तिला ते आवडतं. रडली की लहानपणीसारखंच नाक लाल होतं. बोलता बोलता चहा गार झाला.

मी थांबलो तेव्हा तिने माझा फोन स्वतःकडे ओढला आणि विमानाची तिकिटं शोधायला लागली.

"ऑडिट शुक्रवारी संपतंय," ती म्हणाली. "शनिवारी सकाळचं आहे. मी जाते."