मडमेच्या खांद्यावरचं फूल
जुन्या पिनबॉलचं, म्हणजे गोळी उडवून खेळायच्या मशीनचं, झाकण उघडताना ओल्या मातीचा वास आला, की मला कुंभारवाड्याचा तो गोठा आठवतो. तिथलं मोडकं पिनबॉल मशीन दुरुस्त करायला विकत घेऊन न्यायला गेलो, तर तळ पोखरून आत वारूळ चढलेलं आणि त्याला कुंकू लावलेलं. "वारुळातली देवी, सातेरीआय हाय ती," घरधनीण म्हणाली. "कौल लावल्याबिगर हात लावायचा न्हाई." मशीनच्या मागच्या उभ्या काचेवर एक मडम रंगवली होती. घरधनीणीनं त्या मडमेच्याच दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर मशीन माझं, डावं पडलं तर देवीचं. उजवं सरकलं, अडलं. डावं पडलं. आता इतक्या वर्षांनी वारूळ वाढत मडमेच्या छातीशी आलंय. तरी दरवर्षी मी कौल लावायला जातोच.