चार वाजता दाखवायचं घर

एर्लिंदा केसादा आपल्या मागच्या अंगणातलं दोन खोल्यांचं घर भाड्याने द्यायची, पण बघायला यायचं तर दुपारी चार वाजताच. तेही जूनमध्ये. टेक्सासच्या या वाळवंटात, एल पासोमध्ये, जूनला चार वाजता कुत्रीसुद्धा गाडीखालून बाहेर यायला तयार नसतात. कुणी फोनवर म्हणालं, "बाई, सकाळी नऊला आलो तर चालेल का?" की ही ठरलेलं उत्तर द्यायची, "सकाळी मला वेळ नसतो." वेळ नसतो म्हणे! मी दगडी कुंपणाच्या पलीकडे सव्वीस वर्षं राहते आहे. सकाळी ही बाई तुतीच्या झाडाखाली खुर्ची टाकून दालचिनीच्या कॉफीत गोड पाव बुडवत बसलेली असते.

बरं, आलेल्या माणसाला घर दाखवून सोडून द्यावं, तर तेही नाही. पश्चिमेकडच्या खोलीत एक लाकडी खुर्ची ठेवलेली. भिंत तापून भाकरी भाजावी इतकी झालेली. त्या खुर्चीवर माणसाला बसवायचं आणि अर्धा तास उठू द्यायचं नाही. मग दारात उभी राहून एकेक प्रश्न. नाव काय, काम काय, किती जणं राहणार, रविवारी कुठे असता. आणि मधूनमधून घराच्या खोड्या स्वतःच सांगायच्या. "मार्चमध्ये वावटळ सुटली की या फटीतून धूळ येते हं. आणि न्हाणीघराचं दार थंडीत आखडतं." मी एकतीस वर्षं शाळेच्या मुदपाकखान्यात काढली. आमच्या घेवड्यात खडे आहेत, असं आम्ही कधी कुणाला आपण होऊन सांगितलं नाही.

एरवी मी हे सगळं कुंपणावरून बघून हसले असते. या वर्षी हसू येत नव्हतं, कारण मार्चमध्ये एर्लिंदा अंगणात पडली.

वादळी वारा होता, मी दारंखिडक्या लावून टीव्ही मोठ्याने लावलेला. ती तास दीड तास जमिनीवर पडून होती आणि मला पत्ता नाही. मागच्या घरात तेव्हा तिबुर्सियो राहायचा, रेल्वेतून निवृत्त झालेला म्हातारा. तो बाजारातून आला, त्याने तिला उचललं. कमरेचं हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. मे महिन्यात तिबुर्सियो पुतणीकडे कॅलिफोर्नियाला कायमचा राहायला गेला. मग एर्लिंदाच्या मुलाने, रेनेने, ह्यूस्टनहून सांगून टाकलं, "आई, ऑगस्ट संपेपर्यंत मागे कुणी राहायला आलं तर ठीक. नाही आलं तर मी तुला इकडे घेऊन येणार. एकटीला राहू देणार नाही."

ह्यूस्टन. तिथे हवा इतकी ओली की वाळत घातलेला टॉवेल आणखी ओला होतो, असं एर्लिंदा म्हणते. तिला तिथे जायचं नव्हतं. मला तर ती जायला नकोच होती. सत्तरी ओलांडल्यावर नवी मैत्रीण कुठून आणायची?

तरी बाई आपला हट्ट सोडेना. जूनमध्ये छावणीतला एक तरुण सैनिक आणि त्याची बायको आली, दोघं उत्तरेकडची, गोरी, घामाने लाल झालेली. छतावरचा कूलर चालू होता. त्या पोरीने काय करावं? गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून उठून खिडकी घट्ट लावली! पाच मिनिटांत खोलीची न्हाणी झाली. सगळीकडे दमटपणा, भिंतीला हात लावला तर ओला.

"पोरी," एर्लिंदा म्हणाली, "हा पाण्याचा कूलर आहे. याला बाहेर जायला वाट लागते. खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची."

"पण मग गारवा बाहेर जाईल ना?"

"जाऊ दे. जाईल तेव्हाच नवा येईल."

पोरगी नवऱ्याकडे बघायला लागली. परत आली नाहीत ती. मग एक शाळामास्तर आला, तो अकराव्या मिनिटाला उठला. एक विद्यापीठातला मुलगा खुर्चीवर बसल्या बसल्या फोनमध्येच बुडाला. त्याला एर्लिंदानेच उठवलं. "याला घर कशाला हवं? चार्जर लावायला भिंत मिळाली की झालं."

जुलै अर्धा सरला आणि माझा धीर सुटला. मी एक उद्योग केला. त्याची आजही लाज वाटते, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा करेन.

एका मंगळवारी एर्लिंदा सीमेवरचा पूल ओलांडून मेक्सिकोत हुआरेसला दाताच्या डॉक्टरकडे जाणार होती. पलीकडे रांग, परत येताना दुप्पट रांग, म्हणजे दुपारपर्यंत निश्चिंती. मी माझ्या भाचीच्या ओळखीतल्या ग्रिसेल्दा नावाच्या नर्सला सकाळी साडेआठला बोलावलं. किल्ली कुठे असते मला ठाऊक होतं. नर्स! याहून चांगलं माणूस पडलेल्या म्हातारीच्या अंगणात कोण राहणार? तुतीची सावली दारात होती, खोल्या गार होत्या, पाखरं बोलत होती. मी खुर्ची मुद्दाम न्हाणीघरात लपवून ठेवली.

"मावशी, किती गोड जागा आहे! मी घेते," ग्रिसेल्दा म्हणाली. "पश्चिमेची भिंत उन्हात तापत नाही ना?"

आणि मी, वर्षानुवर्षं चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी आम्पारो, म्हणाले, "छे गं! इथे काय ऊन लागतंय!"

एर्लिंदा परत आली, अर्धा जबडा सुजलेला. मी मोठ्या आनंदाने बातमी दिली. तिने सुजल्या तोंडानेच विचारलं, "किती वाजता दाखवलंस?"

"ते महत्त्वाचं आहे का? घेते म्हणाली!"

"किती वाजता, आम्पारो?"

मी सांगितलं. तिने तिथल्या तिथे ग्रिसेल्दाला फोन लावला आणि चार वाजता यायला सांगितलं. ती बिचारी आली. वीस मिनिटं बसली, रात्रपाळीनंतर तिची झोपही झाली नव्हती. शेवटी रुमालाने मान पुसत म्हणाली, "बाई, मला दिवसा झोपावं लागतं. या खोलीत दुपारी झोप नाही लागायची." जाताना माझ्याकडे तिने असं बघितलं की मी कुंपणापलीकडे जाऊन उगाच झाडांना पाणी घालत बसले.

आठ दिवस एर्लिंदा माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी मीच कलिंगडाच्या सरबताचा जग घेऊन गेले.

"बोलायचं नसेल तर नको बोलूस," मी म्हटलं. "पण एवढं सांग, या चार वाजण्याचं काय आहे? मला झोप येत नाही विचार करून करून. लोक घर चांगलं दिसेल तेव्हा दाखवतात. तू बरोबर उलटं करतेस."

तिने आधी सरबत पिऊन संपवलं.

"फेर्मीन मला कुठे भेटायचा, ठाऊक आहे?" फेर्मीन म्हणजे तिचा नवरा, जाऊन बावीस वर्षं झाली. "हुआरेसला, चर्चच्या पायऱ्यांवर. सकाळच्या प्रार्थनेनंतर. केस चापून बसवलेले, शर्टाला इस्त्री, माझ्या आईला हात देऊन पायऱ्या उतरवायचा. आई म्हणाली, असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. सात महिने मी त्याला फक्त सकाळी बघितला गं. लग्न झालं आणि संध्याकाळ झाली. तेव्हा कळलं, दिवस कलला की त्याला बाटली लागते."

फेर्मीनचं पिणं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती स्वतः कधी बोलली नव्हती.

"पहिलं घरही त्यानेच बघून ठेवलं होतं, फेब्रुवारीतल्या एका सकाळी. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्या घरात रेनेच्या अंगावर घामोळ्यांचे फोड आले, एवढासा होता तो. घर तीन वर्षांनी बदलता आलं. नवरा काही बदलता आला नाही." तिने जग माझ्या हातात दिला. "माझ्या दारात आलेल्या माणसाला मी फसवणार नाही. आणि मलाही आता सकाळचं माणूस नको. भिंत तापलेली असताना कोण कसं बोलतं, ते बघू दे मला."

"आणि ह्यूस्टनला जावं लागलं तर?"

"तर जाईन," ती म्हणाली. पण आवाज बारीक झाला होता.

ऑगस्ट संपला. कुणी टिकलं नाही. शेवटच्या शनिवारी रेने भाड्याचा ट्रक आणि रिकामी खोकी घेऊन आला. बारा तास गाडी चालवून आलेला, डोळे खोल गेलेले. एरवी जाडजूड गडी, या वेळी शर्ट खांद्यावरून लोंबत होता. मी मनात म्हटलं, सून यादिरा डाएट करायला लावत असेल.

"आई, यादिराने तुझी खोली लावून ठेवलीये," तो म्हणाला. "चल, भांड्यांपासून सुरुवात करू. मावशी, तुम्हीही हात लावा."

एर्लिंदाने तीन बशा कागदात गुंडाळल्या. चौथी हातात घेऊन थांबली. भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच कमी होते.

"रेने, मी गेल्यावर हे घर तू भाड्याने देणार ना?"

"एजंट बघेल आई."

"एजंट बघो नाहीतर कुणी. आपण काय देतोय ते आधी स्वतः बघ. चल मागे."

"आई, बारा तास गाडी चालवलीये गं मी!"

"मग बसायचंच तर आहे. उभं कोण राहायला सांगतंय?"

तो हसला, मान हलवली आणि जाऊन त्या खुर्चीवर बसला. मी दाराबाहेर उभी राहिले. जायला हवं होतं, पण माझ्यात तेवढा सभ्यपणा नाही. एर्लिंदा उंबऱ्यावर उभी राहिली आणि भाडेकरूंशी बोलायची तसा आवाज काढला.

"नाव?"

"काय आई, तू पण."

"नाव सांगा."

"रेने केसादा."

"काम?"

"विमा विकतो. फोनवरूनच चालतं सगळं." त्याने कपाळाचा घाम पुसला. अजून हसतच होता.

"किती जणं राहणार?"

हसू तसंच राहिलं, नजर मात्र जमिनीकडे गेली.

"एक," तो म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. एर्लिंदाला तसं वाटलं नाही.

"यादिरा?"

"फेब्रुवारीत गेली. तिच्या बहिणीकडे आधी, मग वकिलाकडे."

"मग माझी खोली कुणी लावली?"

"खोली नाहीये आई. भाड्याची जागा आहे, अकराव्या मजल्यावर. खिडकी उघडतच नाही तिथली. पलंग तुला दिला असता. मी सोफ्यावर झोपलो असतो."

"आणि मला न्यायला निघालास?"

"तू पडलीस त्याची काळजी होतीच." तो हातांकडे बघत बोलत होता. "पण संध्याकाळी दार उघडलं की आत कुणीतरी असावं, असं वाटायचं मला. म्हणून मुदत घातली. लोक येतायत आणि जातायत असं तू सांगायचीस ना, तेव्हा मला बरं वाटायचं. लाज वाटते सांगायला, पण वाटायचं."

मला त्याचा राग यायला हवा होता. सबंध उन्हाळा मी देवाला साकडं घालत होते आणि हा तिकडून उलटं मागत होता. पण बारा वर्षांचा असताना तो माझ्या कुंपणावर बसून डाळिंबं खायचा, त्याचाच चेहरा समोर दिसत होता. मला रडू फुटलं.

"आई," तो म्हणाला, "ही जागा मला देशील?"

एर्लिंदाने चेहरा हलू दिला नाही. "अर्धा तास झाला नाही अजून. बसून राहा."

ती बाहेर आली. माझ्यापाशी न थांबता तुतीपर्यंत चालत गेली आणि बुंध्याला हात टेकून उभी राहिली. मी मागोमाग गेले.

"सहा महिने," ती म्हणाली, "रोज फोन करत होता गं. एक दिवस चुकवला नाही. मी विचारायची, कसा आहेस, सून कशी आहे. म्हणायचा, मजेत. आवाज असा टवटवीत की मी फोन ठेवून दिवसभर खुशीत राहायची."

"किती वाजता करायचा?" मी विचारलं. शब्द तोंडातून गेल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

"सकाळी सातला," एर्लिंदा म्हणाली, आणि एप्रन तोंडावर घेऊन रडायला लागली.